स्प्रे क्लीनर कुठे मारायचा आणि कुठे नाही: पाण्याचं इंजिन, ग्रासकटर आणि बाईक

ऑटो पार्ट्सच्या दुकानात फळीवर डबे ओळीने लावलेले असतात. कार्ब क्लीनर, ब्रेक क्लीनर, कॉन्टॅक्ट क्लीनर, चेन क्लीनर, डब्ल्यूडी-४०. सगळ्यांना लाल नळी आणि बहुतेकांवर इंजिनाचं नाहीतर बाईकचं चित्र. नवा माणूस त्यातला एक उचलतो, घरी आणतो आणि कार्बोरेटरपासून ब्रेकपर्यंत तोच मारत सुटतो. मग ओ-रिंग (सांध्यातली गोल रबरी कडी) फुगते, ब्रेक लागेनासा होतो किंवा मशीनचा रंग पोपडे धरून निघतो.

डबा हातात घेतला की दोन गोष्टी बघायच्या. वाळल्यावर मागे काही उरतं का, आणि रबर-प्लास्टिकला चालतो का. या दोन प्रश्नांत नव्वद टक्के निवड होऊन जाते.

कोणता डबा कशासाठी

कार्ब क्लीनर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरचा क्लीनर, सगळ्यांत जहाल. यात अॅसिटोन, टोल्यूइन, झायलीन अशी द्रावकं असतात. पेट्रोल उडून गेल्यावर जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात) आणि कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीत जो तपकिरी, चिकट थर बसतो तो विरघळवणं हे त्याचं काम. मागे तेल उरत नाही. पण रंग काढतो, रबर फुगवतो आणि काही प्लास्टिक मऊ करतो. म्हणून फक्त उघड्या धातूवर.

ब्रेक क्लीनर तेल-ग्रीस धुतो आणि मिनिटभरात उडून जातो, मागे काहीच ठेवत नाही. डिस्क, ड्रम, क्लच बेल (क्लचचं बाहेरचं भांडं), पॅकिंग बसवायच्या आधीची धातूची बाजू, यांना हाच. डबा उलटा करून घटक वाचा. टेट्राक्लोरोएथिलीन किंवा मेथिलीन क्लोराइड लिहिलेलं असेल तर तो क्लोरीनवाला प्रकार. तो पेट घेत नाही म्हणून सुरक्षित वाटतो, पण त्याने धुतलेला भाग ओला असताना त्यावर वेल्डिंग केलं तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. फॅब्रिकेशनचं काम शेजारीच चालणाऱ्या गॅरेजमध्ये हा डबा ठेवूच नये.

कॉन्टॅक्ट क्लीनर विजेच्या जोडण्यांसाठी. स्टॉप स्विच, वायरी जोडणारा कपलर, फ्यूजची जागा. मागे काही उरत नाही आणि चांगल्या प्रतीचा असेल तर प्लास्टिकलाही धक्का लावत नाही. डब्यावर तसं लिहिलेलं असतं, ते बघून घ्या.

डब्ल्यूडी-४० बद्दल गैरसमज सगळ्यांत जास्त. १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने तो बनवला तो धातूवरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. जाम नट सोडवणं, पावसात भिजलेली केबल, स्विच, कुलूप, यांना उत्तम. मागे तेलाचा पातळ थर सोडतो, पण तो थर वंगण म्हणून फार दिवस टिकत नाही. ग्रीसच्या जागी मारला तर उलट असलेलं ग्रीस पातळ करून धुऊन काढतो. आणि ब्रेकच्या डिस्कवर उडाला तर ब्रेक क्लीनरने डिस्क साफ होते, पण पॅडने तेल शोषलेलं असतं. ते पॅड बदलावेच लागतात.

इंजिनाच्या बाहेरचा चिखल-तेलाचा थर काढायला मात्र महागडा डबा वापरू नका. डिझेल किंवा रॉकेलमध्ये बुडवलेला जुना ब्रश तेच काम करतो. पाण्यात मिसळणारं डिग्रीझर वापरायचं असेल तर इंजिन थंड असताना लावा, पाच-सात मिनिटं ठेवा, घासा आणि साध्या पाण्याने धुवा. जास्त वेळ ठेवलं तर तीव्र अल्कलीमुळे अॅल्युमिनियम काळपट पडतं, ते परत चमकत नाही.

आधी जागा, मग डबा

काम अंगणात किंवा झाडाखाली करा. पडवीत, चुलीजवळ, गॅस गिझरच्या खोलीत अजिबात नाही. या द्रावकांची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत जाते आणि चार हातांवरच्या ठिणगीपर्यंत पोचते. डब्यातून फवारा ढकलणारा वायूसुद्धा पुष्कळदा प्रोपेन-ब्युटेन असतो, म्हणजे आपला स्वयंपाकाचा गॅस. इंजिन हात लावण्याइतकं थंड हवं, प्लगची टोपी काढलेली, आणि बॅटरी असेल तर निगेटिव्ह वायर सुटी.

चष्मा लावा. वरवरची सूचना वाटते, पण कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात नळी घालून दाबलं आणि छिद्राचं दुसरं टोक तुंबलेलं असेल, तर फवारा आत शिरला त्याच वाटेने थेट डोळ्यात परत येतो. उडालाच तर डोळा चोळायचा नाही, वाहत्या स्वच्छ पाण्याखाली पंधरा मिनिटं धरायचा आणि दवाखान्यात जायचं. हातमोजे नायट्राइलचे घ्या. तेही या द्रावकात फार टिकत नाहीत, बोटाला गार ओलावा जाणवला की बदला.

लाल नळी नोझलमध्ये घट्ट बसली आहे ना ते एकदा हवेत मारून बघा. सैल नळी उडून इनटेकमध्ये (इंजिनात हवा जायच्या वाटेत) गेली की अख्खं काम वाढतं. डबा उभा धरायचा. उलटा धरला तर नुसता वायू निघून जातो आणि अर्धा डबा द्रव तळाशी बिनकामाचा राहतो.

पाण्याच्या इंजिनाचा कार्बोरेटर

पाणी ओढायच्या पंपावरची होंडा जीएक्स १६० आणि त्याच घडणीची १६८एफ चिनी पेट्रोल इंजिनं गावोगाव आहेत, म्हणून तेच उदाहरण घेऊ. तक्रारही ठरलेली: चार-सहा महिने पडून होतं, आता चॉक ओढला की चालतं, चॉक सोडला की बंद पडतं. बाजारातल्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ती ओल भरपूर. परिणामी वाटीत दोन प्रकारची घाण सापडते. तपकिरी चिकट थर पेट्रोलचा, तो स्प्रेने जातो. पांढरी, मिठासारखी खरबरीत पूड म्हणजे ओलीने खाल्लेल्या धातूची, तिला स्प्रे काही करत नाही. ती नायलॉनच्या ब्रशने घासूनच काढावी लागते. कितीही डबे रिकामे केले तरी काही कार्बोरेटर साफ होत नाहीत, त्याचं कारण हे.

आणखी एक. एअर फिल्टर काढून तोंडातूनच फवारा मारायचा आणि साफ झालं म्हणायचं, ही पद्धत सोडून द्या. तो फवारा मधल्या मोठ्या नळीतून इंजिनात जातो. तुंबलेला असतो जेट, आणि तो खाली वाटीत बुडालेला असतो.

लागणारं सामान: ८ आणि १० चे पाने, जेटच्या खाचेत पुरेपूर बसणारा सपाट स्क्रू ड्रायव्हर, फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, कार्ब क्लीनर (एका छोट्या कार्बोरेटरला ५०० मिलीच्या डब्यातला पाव-तिसरा हिस्सा पुरतो), नायलॉनचा ब्रश, पांढरं फडकं, पसरट स्टीलचं ताट आणि मोबाईल. ताट यासाठी की सुटलेला बारीक भाग मातीत हरवू नये.

१. टाकीचा कॉक बंद करा. बाहेरून ब्रशने माती झाडा, मग रॉकेलच्या फडक्याने पुसा. आधी हे केलं नाही तर तीच माती उघड्या कार्बोरेटरमध्ये पडते.

२. वाटीच्या कडेचा तिरका बोल्ट सैल करून आतलं पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या. मिनिटभर थांबून बघा. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले तर पाणी आहे. मग टाकीसुद्धा रिकामी करून धुवायला हवी, नाहीतर आठवड्यात पुन्हा तेच.

३. वाटीचा खालचा बोल्ट १० च्या पान्याने सोडवा. वाटी खाली आली की तिची रबरी ओ-रिंग आधी काढून बाजूला ठेवा. तिच्यावर कार्ब क्लीनरचा एक थेंबही नको. पेट्रोलने ती आधीच थोडी फुगलेली असते, खाचेत बसत नाही. रात्रभर सावलीत वाळू दिली की बहुतेक वेळा मूळ मापावर येते. नाही आली तर नवी घ्या, ओढून-ताणून बसवू नका.

४. फ्लोटची (पेट्रोलवर तरंगणाऱ्या तुकड्याची) आडवी खिळी बोटाने सरकवून काढा. फ्लोटबरोबर नीडल, म्हणजे वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी टोकदार सुई, खाली येते. नीडलच्या टोकाला रबर असतं, म्हणून तीही स्प्रेपासून दूर. पेट्रोलच्या फडक्याने पुसा आणि नखाने चाचपून बघा. टोकाला गोल खाच पडलेली असेल तर नवी लागेल, नाहीतर इंजिन बंद असतानाही पेट्रोल गळत राहील.

५. मधल्या खांबात खाली मेन जेट आहे. स्क्रू ड्रायव्हर खाचेत पूर्ण बसवूनच फिरवा. पितळ मऊ असतं, एकदा खाच घसरली की जेट निघत नाही. जेटच्या मागची भोकाभोकांची नळी कार्बोरेटर हलवल्यावर आपोआप खाली पडते, तिच्यासाठी ताट तयार ठेवा. जेट उजेडासमोर धरा. भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे, कडेला केसासारखं काही दिसलं तर अजून साफ नाही.

६. आता खरा गुन्हेगार. वरच्या बाजूला आयडलचा, म्हणजे रेस न देता इंजिन किती वेगाने चालेल ते ठरवणारा, स्क्रू आहे. तो पूर्ण आत आवळून किती फेरे झाले ते लिहून ठेवा, मग काढा. त्याखाली प्लास्टिकच्या डोक्याचा स्लो जेट दाबून बसवलेला असतो. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने हळूच उचला. त्याचं छिद्र इतकं बारीक की नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाही. चॉक सोडल्यावर बंद पडण्याची तक्रार जवळजवळ नेहमी इथे असते. या जेटला प्लास्टिक आहे, त्यामुळे एक छोटा फवारा, लगेच पुसणं, आणि उजेडात तपासणं. भिजत घालायचा नाही.

७. जेटमध्ये सुई, टाचणी किंवा स्टीलची तार घालू नका. भोक एक केसभर मोठं झालं तरी पेट्रोल जास्त जातं, धूर काळा होतो आणि प्लग वारंवार काळा पडतो. वायरमधली तांब्याची एक बारीक तार किंवा मासे पकडायच्या तंगुसाचा तुकडा, एवढंच.

८. मोकळ्या झालेल्या धातूच्या बॉडीवर आता कार्ब क्लीनर. लाल नळी प्रत्येक छिद्राला टेकवून एक-दोन सेकंदांचे छोटे फवारे मारा आणि दर वेळी दुसरीकडे कुठे बाहेर येतं ते बघा. आत गेलेलं कुठूनच बाहेर आलं नाही तर वाट तुंबलेली आहे. पाच-दहा मिनिटं मुरू द्या, पुन्हा मारा. सलग अर्धा डबा ओतण्यापेक्षा मध्ये थांबून तीनदा मारणं जास्त काम करतं, कारण जुना थर मऊ व्हायला वेळ लागतो. शेवटी सायकल पंपाने किंवा पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा मारा.

९. कॉकखाली एक छोटी गाळवाटी आहे, तिच्यात जाळी असते. तीही उघडून साफ करा. नवे लोक हमखास विसरतात, आणि साफ केलेल्या जेटमध्ये तासाभरात नवा कचरा येतो.

१०. उलट्या क्रमाने जोडा. जेट हाताने फिरवून सुरुवात करा आणि शेवटी जेमतेम आवळा. आयडलचा स्क्रू लिहून ठेवलेल्या फेऱ्यांवर आणा. कॉक उघडून दोन मिनिटं नुसतं बघत बसा. वाटीच्या कडेला ओल आली तर ओ-रिंग नीट बसलेली नाही. जमिनीवर सांडलेलं सगळं उडून जाऊ दे, प्लगची टोपी बसवा, मगच दोरी ओढा.

सुरू झाल्यावर सुरुवातीला थोडा धूर आणि उग्र वास येतो, तो आत राहिलेल्या स्प्रेचा. इंजिन पाणी ओढायला लावल्यावर दम सोडत असेल तर मेन जेट किंवा टाकीची जाळी पुन्हा बघा. दहा-बारा वेळा दोरी ओढूनही प्लग कोरडाच निघाला तर पेट्रोल पोचत नाही. प्लग ओलाचिंब असेल तर नीडल गळते आहे किंवा चॉक जास्त वेळ ओढलेला होता. प्लगवरची काजळी पितळी ब्रशने काढा, फवारा मारा, पूर्ण वाळू द्या. जीएक्स १६० ला फट ०.७ ते ०.८ मिमी.

एअर फिल्टरचा स्पंज मात्र कार्ब क्लीनरने धुऊ नका, तो चुरा होऊन तुकडे इंजिनात जातात. साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, वाळवा, थोडं इंजिन ऑइल लावून मुठीत घट्ट पिळा.

ग्रासकटरचं गणित वेगळं

आंब्या-काजूच्या बागेत चालणाऱ्या टू-स्ट्रोक ग्रासकटरला बहुधा वाटी-फ्लोट नसतात. तिथे रबरासारखे पातळ पडदे पेट्रोल ओढतात आणि मोजून सोडतात. म्हणजे ज्या कार्बोरेटरमध्ये स्प्रे सर्रास मारला जातो, त्याच्या पोटात सगळं स्प्रेला न चालणारं सामान. झाकणाचे स्क्रू काढा, पडदे आणि पॅकिंग कोणत्या क्रमाने आहेत त्याचा फोटो घ्या, सगळे पडदे बाहेर काढा, मगच उरलेल्या धातूवर फवारा. ज्या बाजूला हवेच्या बुडबुड्यासारखा प्रायमर आहे तिथे आत छोटा रबरी व्हॉल्व्ह असतो, त्या छिद्रात नळी टेकवून जोरात मारू नका आणि कॉम्प्रेसरची हवा तर नकोच. पंपाच्या पडद्याखाली नखाएवढी गोल जाळी असते. बहुतेक वेळा कचरा तिथे अडकलेला असतो. तो हलक्या ब्रशने काढायचा.

पडदा बोटावर घेऊन वाकवा. कडक, कुरकुरीत किंवा सुरकुतलेला असेल तर साफ करण्यात वेळ घालवू नका, किट बदला. कडक पडद्याचं मशीन कितीही धुतलं तरी रेस दिल्यावर गुदमरतंच.

टू-स्ट्रोकच्या बाबतीत एक चूक महागात पडते. इंजिन सुरू होत नाही म्हणून इनटेकमध्ये कार्ब क्लीनर मारत मारत ते चालवायचं. टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधूनच मिळतं. स्प्रेमध्ये ऑइल नाही, उलट सिलिंडरच्या भिंतीवर असलेलं ऑइल तो धुतो. अशा वेळी पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो. नुसती सुरू होते का हे बघायचंच असेल तर प्लगच्या भोकातून योग्य मिश्रणाचे पाच-सहा थेंब टाका. मिश्रण मशीनच्या पुस्तकात दिलेल्या प्रमाणात: २५:१ असेल तर लिटरला ४० मिली, ५०:१ असेल तर २० मिली.

बाईकवर

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाडीच्या धुराचे नियम आले आणि नव्या गाड्यांमधून कार्बोरेटर जवळजवळ गेला. तिथे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी थ्रॉटल बॉडी असते. तिच्यासाठी वेगळा थ्रॉटल बॉडी क्लीनर मिळतो, तो घ्या. किल्ली बंद, फवारा थेट आत न मारता धागे न सुटणाऱ्या फडक्यावर, आणि फडक्याने कडा पुसायच्या. सेन्सरच्या दिशेने नळी नको. सिलिकॉनचा स्प्रे इनटेकच्या आसपास वापरू नका, त्याने एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर खराब होतो.

चेन ओ-रिंगवाली (कड्यांत रबरी ओ-रिंग असलेली) असेल तर पेट्रोल, थिनर, कार्ब क्लीनर तिन्ही वर्ज्य. चेन क्लीनर किंवा रॉकेल, मऊ ब्रश, कोरडं फडकं. गाडी मधल्या स्टँडवर, इंजिन बंद, चाक हाताने फिरवायचं. इंजिन चालू ठेवून फडक्याने चेन पुसण्यात बोटं जातात. ल्यूब चेनच्या आतल्या बाजूने मारा, म्हणजे फिरताना ते बाहेर पसरतं. पंधरा-वीस मिनिटं बसू द्या. मारताना मागच्या डिस्कवर किंवा टायरवर पुठ्ठा धरा.

जाम बोल्टवर डब्ल्यूडी-४० मारून लगेच पान्याला लोंबकळू नका. मारा, हातोडीने हलके ठोका, पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा मारा. सायलेन्सरच्या बोल्टला रात्रभरही द्यावी लागते. पहिला प्रयत्न आवळायच्या दिशेने जरासा करा, गंजाची पकड तिथेच सुटते.

डबा आणि मशीन ठेवताना

डब्यावर ५० अंश सेल्सिअसची मर्यादा छापलेली असते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात लावलेल्या गाडीत ती सहज ओलांडली जाते. डबा घरात, बंद कपाटात, मुलांच्या हाताला न लागेल असा ठेवा. रिकामा डबा भोक पाडून किंवा कचऱ्याबरोबर जाळून संपवू नका, आत थोडा वायू राहतोच. स्प्रेने भिजलेलं फडकं मोकळ्या हवेत पूर्ण वाळू द्या, मग टाका. वाटीतून काढलेलं घाण पेट्रोल विहिरीजवळ किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. बंद डब्यात साठवा आणि गॅरेजवाल्याच्या जळक्या ऑइलच्या पिंपाजवळ नेऊन, आत ओतायच्या आधी त्याला विचारा, कारण ऑइलमध्ये पेट्रोल मिसळलेलं सगळ्यांना चालत नाही.

हंगाम संपला की पाण्याच्या इंजिनाचा कॉक बंद करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग वाटीचा तिरका बोल्ट उघडून उरलेलं टिपून घ्या. ग्रासकटरची टाकी रिकामी करा, प्रायमर कोरडा होईपर्यंत दाबा आणि सुरू करून उरलेलं संपवा. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल, दोरी दोनदा हळू ओढायची, प्लग परत.